झोपेत दात खाणं: नाइट गार्ड ऑनलाइनचा घेतला तर चालेल का?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी, आमचे हे रात्री झोपेत इतके दात खातात की आवाजाने मलाच जाग येते, सकाळी कानशिलं दुखतात म्हणतात, चहाबरोबर काकणं (बांगडीसारखा कडक पाव) आता चावतच नाहीत. सासूबाईंचं एकच, जंताचं औषध दे (चाळिशीतल्या माणसाला!!). डेंटिस्ट म्हणाले दाढा झिजल्यात, कडक अ‍ॅक्रिलिकचा (प्लास्टिकचा) नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कव्हर, करा. पण ऑनलाइन तो गरम पाण्यात टाकून चावून बसवायचा मिळतो तो कितीतरी स्वस्त आहे, तो चालेल का? आणि गार्डने दात खाणं थांबतं का?

म्हापशेकर:
थांबत नाही ताई. दातांऐवजी गार्ड झिजतो एवढंच, पण तेच हवंय ना, दात काय परत उगवत नाहीत. ऑनलाइनचा मऊ असतो, काही लोक तो उलट जास्तच चावत बसतात. कडक गार्ड माप घेऊन लॅबमध्ये करतात आणि मग डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन कुठला दात आधी टेकतो ते बघून घासून घासून जुळवतात, पैसे खरे त्या जुळवण्याचे. आणि फक्त पुढच्या दातांवर बसणारा छोटा वगैरे सरळ घेऊन टाकू नका, तो रोज घालून मागच्या दाढा सरकू शकतात आणि चावा बिघडू शकतो.

डिचोलीकर:
घोरतात का ते? मधेच श्वास अडकतो, दिवसा पेंगतात? तसं असेल तर आधी स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) आहे का बघा, वरच्या जबड्याच्या साध्या गार्डने काहींचा अ‍ॅप्निया वाढतो. त्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारं डिव्हाइस वेगळं असतं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी, सर्ट्रालिन वगैरे, पण दात खाणं सुरू होतं (चालू असेल तर मनाने बंद नको, डॉक्टरला सांगा). संध्याकाळचा पेग, सिगरेट हेही बघा 🙂

फोंडेकरीण:
घोरतात?? अहो शेजारी विचारतात! गोळी फक्त बीपीची. पेगबद्दल इथे काही लिहीत नाही 😄

डिचोलीकर:
बीपी आणि घोरणं दोन्ही, मग तर थांबूच नका. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला, दाखवा, डेंटल कॉलेज तिथेच आहे, गार्डचं पण विचारून या.

म्हापशेकर:
आणि गार्ड झाला की गरम पाण्याने धुवू नका, वाकडा होतो.