चुंबकातल्या 'फ्रस्ट्रेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

ठिपका:
शाळेतल्या मुलांच्या एका अंकासाठी झिंक क्रोमाइटच्या स्फटिकावर लेख लिहितेय. त्यात क्रोमियमचे अणू चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्यांच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या स्पिनला, म्हणजे त्याच्यातल्या इवल्याशा चुंबकाला, शेजाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करायचं असतं. आता त्रिकोणात एक वर, दुसरा खाली, मग तिसऱ्याने बघायचं कुठे? एकाचं ऐकलं की दुसऱ्याशी बिनसतं. यालाच मॅग्नेटिक फ्रस्ट्रेशन म्हणतात. मी 'चुंबकीय वैफल्य' लिहिलं होतं, प्रूफ आलं त्यात कुणीतरी 'चुंबकीय निराशा' करून ठेवलंय. चुंबक निराश कसा होईल? शब्द सुचवा, शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

पाटीपेन्सिल:
वैफल्यच ठेवा, अजिबात बदलू नका. लॅटिन 'फ्रुस्त्रा' म्हणजे व्यर्थ, आणि आपलं विफल म्हणजे ज्याला फळ नाही ते. इतकी जुळणी सहसा मिळत नाही. इंग्रजीतही शब्द माणसाच्या मनाचाच होता, भौतिकशास्त्रज्ञ जेरार तुलूझ यांनी १९७७ मध्ये स्पिन ग्लासच्या, म्हणजे स्पिन अस्ताव्यस्त दिशांना गोठलेल्या पदार्थांच्या, संदर्भात तो रूढ केला. त्यांना चालतो तर आपल्याला का नको?

रानवाट:
सहावीतल्या पोराला वैफल्य कोण समजावणार? सरळ 'कोंडी' म्हणा की.

ठिपका:
कोंडी आधी लिहून खोडलाय. कोंडीत वाटच नसते, इथे उलट वाटा जास्त झाल्यात. तीन स्पिन, प्रत्येक फक्त वर किंवा खाली, म्हणजे आठ मांडण्या. त्यातल्या सहा सारख्याच कमी ऊर्जेच्या! सगळ्यांचं समाधान एकीतही नाही, पण सहाही तितक्याच बऱ्या, मग निवडायची कुठली? अणूंच्या त्रिकोणी जाळीत हा गोंधळ निरपेक्ष शून्य तापमानालाही, म्हणजे शून्य केल्विनलाही, संपत नाही हे भौतिकशास्त्रज्ञ वानिये यांनी १९५० मध्येच दाखवलं. झिंक क्रोमाइटचंच बघा, स्पिनांची आपसातली ओढ बघता ३९० केल्विनच्या आसपास शिस्त लागायला हवी, ती लागते थेट साडेबारा केल्विनला. हे सगळं कोंडीत येत नाही हो.

रानवाट:
मग त्रांगडं! आमच्याकडे बांधावरून तीन चुलत्यांचं वाजायचं तेव्हा आजी म्हणायची, दोघांचं जुळवावं तर तिसरा उठून जातो, त्रांगडं झालंय नुसतं. तुमचा त्रिकोण तो हाच. त्रि अधिक अंग, शब्दातच तीन आहेत.

पाटीपेन्सिल:
त्रि अधिक अंग याला पुरावा काय? मला तर त्यात तंगडं ऐकू येतं. आणि तीनवर अडून बसू नका, चौकोनातही हे होतं. तीन बाजू 'उलट बघ' म्हणणाऱ्या आणि चौथी 'सारखं बघ' म्हणणारी असली की झालं. शिवाय विशेषण कसं करणार? त्रांगडलेला स्फटिक?

रानवाट:
का नाही? बोलून बोलूनच शब्द रुळतो. कोशात बसवलेले शब्द कोशातच राहतात.

पाटीपेन्सिल:
हे साफ चूक आहे. महापौर सावरकरांनी घडवलेला, आज कुणाला तो घडवलेला वाटतो का?

उंबरठा:
उशिरा आले, पण 'कुचंबणा' कुणालाच कसा आठवला नाही? सासू एक म्हणते, नवरा दुसरं, माहेरचे तिसरं आणि मधल्या बाईने काहीही केलं तरी कुणीतरी नाराज. लग्नानंतरची चार वर्षं मी हेच जगलेय म्हणून सांगते, पर्याय पुष्कळ असतात, सगळ्यांना पटणारा एकही नसतो. विशेषणही तयार आहे, कुचंबलेला स्पिन.

ठिपका:
उंबरठाताई, हे फार जवळ आलं! आणि पुढचं वाक्यही बसतंय. साडेबारा केल्विनला तो स्फटिक स्वतःच आकार बदलतो, घनाकृती होता तो एका बाजूने किंचित चपटा होतो. आधी सगळ्या बाजू सारख्या म्हणून निवड होत नव्हती, सममिती मोडली की काही शेजारी जवळ येतात, काही लांब जातात आणि स्पिनांना एक मांडणी धरता येते. कुचंबणा सुटते ती घराच्या भिंती हलल्यावर.

पाटीपेन्सिल:
कुचंबणेत सोसणं आहे, अणू काही सोसत नाही. वैफल्यात निदान फळ न मिळण्यापुरताच अर्थ आहे.

गावकूस:
एक विचारू का, सगळे 'तो स्पिन' लिहिताय. आम्ही कॉलेजात 'ती स्पिन' म्हणायचो.

पाटीपेन्सिल:
मुळात स्पिन कशाला? परिवलन आहे ना.

गावकूस:
परिवलन म्हटलं की भूगोलातली पृथ्वी आठवते, अणू नाही. आणि याच विषयातल्या 'कागोमे' जाळीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? जपानीत कागो म्हणजे टोपली, मे म्हणजे डोळा. हर्बर्टस्मिथाइट नावाच्या खनिजात तांब्याचे अणू अगदी त्या विणीत बसतात आणि स्पिन अतिथंड तापमानालाही ठरत नाहीत. आमच्या गल्लीत बुरूड कोंबड्यांची डालगी विणायचे ती हीच वीण. तीन दिशांनी कामट्या, एक वरून एक खालून, मध्ये सहा कोनी भोक आणि त्याच्या भोवती बारके त्रिकोण.

रानवाट:
डालगं की डालं? आमच्याकडे डालं. कोंबड्या डालून ठेवणे त्यावरूनच.

गावकूस:
आमच्याकडे डालं म्हणजे मोठी टोपली, धान्याची. कोंबड्यांचं ते डालगंच.

ठिपका:
अहो, शुक्रवार उद्यावर आलाय. कुचंबणा लिहू का?

उंबरठा:
लिही गं. आणि आमच्याकडे त्याला खुराडं म्हणतात.

रानवाट:
खुराडं लाकडाचं असतं ताई, विणलेलं नसतं.