मदत हवी आहे : वहिनींच्या गृहउद्योगासाठी बँकेबाहेरचं कर्ज, इंदूर

नमस्कार मंडळी. आमच्या वहिनी लोकमान्य नगरात घरूनच भाजणी, मेतकूट, चकल्या करून विकतात. मागणी वाढली आहे, पण दळणासाठी अजून बाहेरच्या गिरणीवर अवलंबून राहावं लागतं. उपवासाच्या भाजणीत गव्हाचं पीठ मिसळलं की सगळं वाया! म्हणून स्वतःची पल्व्हरायझर गिरणी घ्यायची आहे. साधारण एक लाख लागतील.

बँकेने दोन वर्षांचे आयटीआर (आयकर विवरणपत्रं) मागितले, ते नाहीत. उद्यम नोंदणी आणि अन्न परवाना मात्र आहे. यूपीआयचा हिशेबही चोख आहे. मुद्रा योजनेत 50 हजारांपुढे 5 लाखांपर्यंत ‘किशोर’ गट आहे आणि ते कर्ज एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तसंस्था), मायक्रोफायनान्स म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या संस्थाही देतात. इंदुरात असं कुणी घेतलंय का?

एका एजंटाने ‘फक्त 12 टक्के’ सांगितलं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज! लाखावर दोन वर्षांत 24 हजार व्याज, हप्ता 5,167. म्हणजे घटत्या शिलकीवर (हप्ते फेडून उरलेल्या रकमेवर) जवळपास साडेएकवीस टक्के. प्रोसेसिंग फी वेगळीच. वहिनींना यात अडकू द्यायचं नाही.

तेव्हा स्वतः कर्ज घेतलेल्यांनी कृपया सांगा: एकूण वार्षिक दर किती पडला, मुदतीआधी फेडताना दंड लागला का, जामीनदार मागितला का? आपल्या मराठी पतसंस्था सभासदाला किती दिवसांनी कर्ज देतात? दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी गिरणी बसवायची आहे.