सेप्टिक टँकचा वास बाथरूममध्ये येतोय, काय करू?

आठ दिवस झाले पाहुण्यांच्या बाथरूममधून सडक्या अंड्यासारखा वास मारतोय, टाकी मागच्याच वर्षी उपसलीये, फिनाईल ओतून ओतून दमलो पण संध्याकाळी परत तेच. पुन्हा उपसायला लागणार का?

उत्तर १: ते बाथरूम रोज वापरता का? नसाल तर जाळीखालच्या ट्रॅपमधलं (पाणी साठून राहतं त्या वाकड्या भागातलं) पाणी आटलं असणार, तेच तर वास अडवतं. बादलीभर पाणी ओता, वरून चमचाभर खायचं तेल, म्हणजे लवकर आटत नाही. आणि फिनाईल आवरा आधी, टाकीतले जिवाणू मरतात त्याने.

उत्तर २: व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला गॅस वर बाहेर सोडणारा पाइप, तोपण बघा, आमच्या पाइपच्या तोंडात पक्ष्याने घरटं केलेलं, फ्लश केला की जाळीतून गुडगुड आवाज यायचा. अन् टाकीचं झाकण उघडून आत वाकू नका हां, तो गॅस जीव घेतो.

पाणी ओतलं, वास गायब! तीन महिने कोणी वापरलंच नव्हतं ते 😅