बॉक्सिंग फाइटचा निकाल आधी ओळखायचा तर नक्की काय काय बघायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

प्रोफेशनल बॉक्सिंग बरीच वर्षं बघतोय आणि हल्ली प्रत्येक मोठ्या फाइटच्या आधी कोण जिंकेल, का जिंकेल हे वहीत लिहून ठेवतो. पैसे लावायचे नाहीत, त्यामुळे बेटिंगच्या टिप्स नकोत, खेळ अजून खोलात कळावा एवढीच इच्छा आहे. पण काही ठिकाणी अडलंय, जाणकारांनी प्लीज मदत करा.

पहिली अडचण म्हणजे बहुतेक फाइट्स फेवरेटच जिंकतो. वर येणाऱ्या पोराला प्रमोटर सांभाळून सांभाळून मॅचेस देतात, समोर कधी उतरणीला लागलेला तर कधी हरायलाच बोलावलेला माणूस असतो, म्हणजे २५-० रेकॉर्ड दिसायला भारी पण खरी कसोटी लागली अशा फाइट्स त्यात दोन-तीनच. मग डोळे मिटून फेवरेटचं नाव लिहिलं तरी दहातले सात-आठ अंदाज सहज बरोबर येतील. अशात आपल्याला खरंच काही कळायला लागलंय का हे तपासायचं कसं?

दुसरी अडचण स्टाइलची. बुद्धिबळासारखं एलो रेटिंग (कोणी कोणाला हरवलं त्यावरून ताकदीचा आकडा) काढून बघायचं डोक्यात होतं पण ते इथे लंगडं पडतं असं वाटतं. १९७३ मध्ये नॉर्टननी अलीला हरवलं, त्याच वर्षी फोरमननी फ्रेझरला दोन राउंडमध्ये संपवलं, १९७४ मध्ये नॉर्टनलाही दोनच राउंडमध्ये संपवलं, आणि मग त्याच वर्षी किन्शासामध्ये अलीनी फोरमनला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं! म्हणजे अ नी ब ला हरवलं आणि ब नी क ला, म्हणून अ क ला हरवेल हा हिशोब इथे चालतच नाही. त्यात टॉपचे बॉक्सर वर्षातून एक-दोनदाच लढतात, मग रेटिंगला डेटा मिळणार कुठून?

आणि तिसरी, जजेस. नॉकआउट झाला नाही तर तीन जज आपापल्या कार्डावर राउंडगणिक दिलेल्या गुणांच्या बेरजेवरून निकाल देतात. २०१७ ची कॅनेलो-गोलोव्हकिन आठवा, एका जजनी कॅनेलोला ११८-११०, दुसऱ्यानी गोलोव्हकिनला ११५-११३ आणि तिसऱ्याचं ११४-११४, म्हणजे ड्रॉ. फाइट एकच आणि कार्डं तीन दिशांना. हे अंदाजात कसं धरायचं?

प्रतिसाद १

चांगला धागा. पहिल्या प्रश्नाबद्दल सांगतो. नुसतं नाव लिहू नका, टक्के लिहा. मग निकालानंतर प्रत्येक अंदाजाचा ब्रायर स्कोअर काढा, सोपा आहे, जिंकला तर १ आणि हरला तर ०, त्यातून तुमचा आकडा वजा करायचा आणि वर्ग करायचा. ९० टक्के म्हणालात आणि तो जिंकला तर ०.०१, हरला तर ०.८१. ६० टक्के म्हणालात तर जिंकल्यावर ०.१६ आणि हरल्यावर ०.३६. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. आणि तुलना कशाशी करायची तर बाजारातल्या ऑड्सशी (बेटिंगच्या भावांशी), पैसे लावायचे नसले तरी ते आकडे लिहून ठेवा. तुमची सरासरी बऱ्याच फाइट्सवर त्यांच्या जवळपास राहिली तरी तुम्ही उत्तम काम करताय असं मी म्हणेन. फक्त एकाबाजूच्या फाइट्स वेगळ्या काढा, त्या सगळा आकडा गोड करून टाकतात.

आणि १०० टक्के कधीच लिहू नका. १९९० मध्ये टोकियोत डग्लसवर ४२ ला १ भाव होता आणि त्यानी टायसनला दहाव्या राउंडमध्ये झोपवलं.

प्रतिसाद २

स्टाइलसाठी रेटिंगच्या मागे लागू नका, जुन्या फाइट्स बघा, आणि हायलाइट्स बघून चालणार नाही, पूर्ण राउंड्स बघा. मी स्वतः आधी हे बघतो की रिंगमध्ये अंतर कोण ठरवतं, जॅब कोणाचा लागतो, मागे ढकलल्यावर माणूस काय करतो, बॉडीला मार बसल्यावर हात खाली येतात का. साउथपॉ (डावखुऱ्या पवित्र्यात लढणारा) असेल तर समोरच्यानी याआधी चांगले साउथपॉ झेललेत का ते बघा. जोशुआसमोर २०२१ मध्ये उसिक आला तेव्हा उंची आणि वजन जोशुआचं जास्त होतं, पण पायांच्या हालचालीनी फाइट उसिकनी नेली.

वजनाचा दिवस पण महत्त्वाचा आहे. २०१९ मध्ये रुइझ ऐनवेळी बदली म्हणून आला आणि त्यानी जोशुआला सातव्या राउंडमध्ये थांबवलं, सगळे गार पडले. डिसेंबरच्या रीमॅचला तोच रुइझ साधारण १५ पाउंड जास्त वजनानी आला आणि जोशुआ साधारण १० पाउंड कमी करून. ज्यांनी वेट-इन (फाइटआधीची वजनं) नीट बघितलं त्यांना दोघांचे इरादे तिथेच कळले असणार. जोशुआ पॉइंट्सवर आरामात जिंकला. लहान वजनगटात वजनाची मर्यादा पाळावी लागते म्हणून हे उलटं असतं, तिथे वजन उतरवताना कोण पार सुकून गेलाय ते बघायचं.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार, ब्रायरचं आजच सुरू करतो आणि जुन्या नोंदींनाही लावून बघतो. पण जजेसचं राहिलंच की. ५५-४५ वाटणाऱ्या फाइटमध्ये नॉकआउटची शक्यता वेगळी मांडायची का?

प्रतिसाद १

हो, अगदी वेगळीच मांडा. प्रत्येकाचे दोन भाग करा, स्टॉपेजनी (नॉकआउट किंवा रेफरीनी फाइट थांबवून) जिंकेल किती टक्के आणि पॉइंट्सवर किती, आणि ड्रॉला थोडं बाजूला ठेवा. स्टॉपेजचा अंदाज पंच, हनुवटी आणि दमावरून येतो, त्यात जजचा संबंध नाही. पॉइंट्सवाला भाग मात्र ५० कडे थोडा ओढा, कारण प्रत्येक राउंड सुटा मोजला जातो, जेमतेम जिंकला तरी १०-९ (जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९) आणि धो धो जिंकला तरी बहुतेक वेळा १०-९च, नॉकडाउन झाला की १०-८. २०२४ च्या पहिल्या उसिक-फ्युरीची कार्डं बघा, ११५-११२ आणि ११४-११३ उसिकला, ११४-११३ फ्युरीला. नवव्या राउंडमध्ये रेफरीनी नॉकडाउन धरून फ्युरीला जो काउंट दिला तो नसता आणि तो राउंड १०-९ धरला असता तर एक कार्ड ११४-११४ झालं असतं आणि फाइट ड्रॉ. म्हणून जिथे दोघंही बारा राउंड टिकतील असं वाटतं तिथे मी कितीही खात्री असली तरी ७० च्या वर जात नाही. तुमच्या वहीतल्या पॉइंट्सवर गेलेल्या फाइट्स वेगळ्या करून स्कोअर काढा आणि इथे टाका, मग पुढचं बोलू.