२५० डॉलरचं ताट आणि ऊद वाजवणारे चाचा (चर्चा)

डिअरबॉर्नकर

अमेरिकेत डेट्रॉइटला चिकटून असलेल्या आमच्या डिअरबॉर्नमध्ये एका अरब कला संस्थेचा विसावा वर्धापनदिन मागच्या शनिवारी झाला. वर्धापनदिन म्हणजे अर्थातच निधी जमवण्याचं जेवण. (मिशिगन अव्हेन्यूवरचं, २००५ साली उघडलेलं अरब अमेरिकन नॅशनल म्युझियम ते हे नव्हे. ही संस्था लहान आहे: मुलांना ऊद हे तंतुवाद्य आणि दर्बुका हा हाताने वाजवायचा ढोल शिकवतात, वर्षाकाठी एखाददुसरं नाटक करतात.) ऑफिसातल्या लेबनीज मित्राने दहा जणांचं टेबल घेतलं होतं, त्यात आम्ही दोघं. माणशी २५० डॉलर.

दारात स्पॉन्सरांच्या लोगोंचा पडदा, त्यापुढे फोटो. आत हुमूस, मुतब्बल, किब्बे, सगळं अप्रतिम. मग दोन डॉक्टर आणि एका वकिलाचा सत्कार. मग देणग्यांची बोली लावणारा लिलाववाला: "दहा हजार कोण देतंय? पाच हजार? तिकडे मागे कुणी?" आणि टेबलांवरचे नंबरांचे फलक वर. चांगली चाळीस मिनिटं.

आणि कला? ताटं वाढली जात असताना एका बाजूला सत्तरीचे एक चाचा ऊदवर तकासीम वाजवत होते, आपल्या आलापीच्या जवळचं काहीतरी. एका मकामातून (म्हणजे त्यांच्या रागातून) दुसऱ्यात ते इतक्या अलगद गेले की माझ्या हातातला चमचा थांबला. आजूबाजूला पाहिलं तर एकही मान वळलेली नाही. त्यांचं वाजवून झालं तेव्हा टाळ्या पडल्या खऱ्या, पण त्या सोडतीचा नंबर निघाला म्हणून.

कलेच्या नावाने पैसे गोळा करायचे आणि कलेलाच पार्श्वसंगीत करून टाकायचं, हे मला पटलेलं नाही. १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर इजिप्तची थोर गायिका उम्म कुलसूम हिनेही देशासाठी पैसा उभा केलाच की. पण तो गाऊन केला. त्या नोव्हेंबरात पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात गायली, मग ट्युनिशिया, मोरोक्को, कुवेत, सुदान. मिळकत देशाला. आपल्याकडे १९२१ चा संयुक्त 'मानापमान': केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगमंचावर, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. तिकिटं महागच होती, पण लोकांनी पैसे मोजले ते गाण्यासाठी. आज हे का होऊ नये?

खजिनदार काका

असहमत. उम्म कुलसूम आणि बालगंधर्व हाताशी असतील तर पैसे मीसुद्धा जमवीन.

न्यू जर्सीच्या एका मंडळाचे हिशेब बरीच वर्षं सांभाळलेत, त्यावरून लिहितो. कलेला मिळणारं अनुदान बहुतेक वेळा प्रकल्पाला मिळतं. नाटक करा, पैसे घ्या. पण जागेचं भाडं? जानेवारीचं हीटिंग? विमा, लेखापाल, फोन उचलणारी बाई? त्यासाठी पैसे देणारा माणूस विरळा. असा कशालाही वापरता येणारा पैसा वर्षातून एकदा मिळतो, आणि तो अशाच रात्री मिळतो.

तुमच्या २५० डॉलरमधून संस्थेच्या हाती फारसं लागत नाही. जेवण ९० डॉलरचं धरलं तर करसवलत उरलेल्या १६० वर. बदल्यात काही मिळत असेल आणि रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर हे पावतीवर लिहून द्यावं लागतं, कायदाच आहे. तिकिटातून हॉल आणि केटरर निघतो. खरी कमाई स्पॉन्सरांची आणि त्या फलकांची. तुम्हाला कंटाळवाणी वाटलेली चाळीस मिनिटं म्हणजे कदाचित ऊद शिकवणाऱ्यांचा वर्षाचा पगार असेल.

आणि सरकारी अनुदानाच्या भरवशावर राहा असं कुणी म्हणू नका. मे २०२५ मध्ये इथल्या राष्ट्रीय कला निधीने आधीच मंजूर केलेली अनुदानं एका ईमेलने रद्द केली. कित्येक संस्थांचे प्रयोग तोंडावर आले होते.

कडू कारलं

गाझामधलं रशाद शवा सांस्कृतिक केंद्र नोव्हेंबर २०२३ मध्ये जमीनदोस्त झालं. त्याआधी २०१८ च्या ऑगस्टमध्ये सईद मिशाल केंद्रावर हवाई हल्ला, तेही गेलं. तिथले कलाकार तंबूत, आणि इथे अरब कलेच्या नावाने सूटबूट, किब्बे आणि सोडत. वर्धापनदिन एखादं वर्ष नाही केला तर आकाश कोसळत नाही.

डिअरबॉर्नकर

@कडू कारलं: सुरुवातीला सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता पाळली. आमच्या टेबलावरच्या एका बाईंचे नातेवाईक गाझातल्या खान युनिसचे. त्या आल्या होत्या, जेवल्याही. त्यांनी यायला नको होतं असं मी त्यांना सांगू शकलो नसतो. माझी तक्रार जेवणाबद्दल नाहीच.

मालेगावकर

एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून. जकात म्हणजे मुसलमानांचं सक्तीचं दान. त्याचे आठ हक्कदार कुराणात ठरवून दिलेत: गरीब, कर्जबाजारी, वाटसरू वगैरे. त्यात ऊदवादक बसवणं अवघड. वक्फही जुन्या काळापासून मशीद, मदरसा, दवाखाना, पाणपोई यांसाठी. त्यामुळे रमजानमध्ये ज्यांचा हात सैल सुटतो त्यांचे पैसे मदतकार्याला जातात, आणि गाझा-येमेनची अवस्था पाहता जायलाच हवेत. ख्रिस्ती अरबांचंही थोडंफार तसंच, आधी चर्च. कलेच्या वाट्याला सवयीने जाणारं दान नाहीच. तिला वेगळं निमित्त काढून, लोकांना एका खोलीत बसवून, शेजारच्या टेबलाकडे बघायला लावून मागावं लागतं.

अमेरिकन जेवणांत वाइन खिसे सैल करते म्हणतात. डिअरबॉर्नच्या हॉलमध्ये बहुधा बार नसतो, तिथे हे काम गावकी करते. लेबनॉनच्या बिंत जबैल गावच्यांनी पाच हजार दिले की दुसऱ्या गावच्यांचा फलक खाली कसा राहील? यात वाईट काय आहे? आमच्याकडे मुशायऱ्याच्या पावत्या अशाच फाटतात, तुमच्याकडे गणपतीच्या.

नाटकवेडी

गणपतीची वर्गणी ५१ रुपयांचीही असते हो. इथे ५१ डॉलरवाल्याला दारातून आत घेतात का?

माझी हरकत नेमकी इथे आहे. डिअरबॉर्नच्या साउथ एंडला, फोर्डच्या रूज कारखान्याच्या सावलीत, येमेनी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. दर्बुका शिकणारी मुलं त्यांच्यातलीच असणार. संस्था विसाव्या वर्षी आपली कहाणी कुणाला सांगते? डॉक्टर-वकिलांना. मुलांना स्टेजवर आणतात, दोन मिनिटं वाजवून घेतात, सगळे हळवे होतात, फलक वर जातात. त्या मुलांचे आईबाप त्या हॉलमध्ये होते का? मला याचं उत्तर हवंय, हिशेबाचं नको.

दोहावासी

आमच्या कतारमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. इस्लामी कलेचं संग्रहालय २००८ मध्ये उघडलं, आधुनिक अरब कलेचं मतहफ २०१० मध्ये. पैसा राज्याचा. फलक नाहीत, सोडत नाही, सगळं झकपक. पण काय दाखवायचं याची शेवटची सहीसुद्धा तिथेच होते, हे कुणी बोलत नाही एवढंच.

आखाती पैसा परदेशात गेला की वेगळी डोकेदुखी. सौदी पत्रकार खशोगींच्या हत्येनंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि ब्रुकलिन म्युझियमने मध्यपूर्वेच्या कलेवरच्या कार्यक्रमांसाठीचा सौदी पैसा नाकारला. पॅरिसची अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूट १९८७ पासून उभी आहे, फ्रान्स आणि अरब देशांनी मिळून चालवायची म्हणून. अरब देशांचे हप्ते वर्षानुवर्षं थकत गेले आणि भार फ्रान्सवर. युरोपचा पैसा घ्यावा तर त्याच्याही अटी: २०१९ च्या अखेरीस युरोपीय संघाने अनुदानाच्या करारात प्रतिबंधित यादीतल्या संघटनांना पैसा जाऊ नये असं कलम घातलं, आणि बऱ्याच पॅलेस्टिनी संस्थांनी सही करायला नकार दिला.

म्हणजे राजाचा पैसा, परक्या सरकारचा पैसा, नाहीतर शेजारच्या डॉक्टरचा पैसा. मी डॉक्टरचा घेईन. तो फार तर आपल्या मुलीला नाटकात घ्या म्हणेल.

नाटकवेडी

डॉक्टर इतके निरुपद्रवी नसतात. संचालक मंडळावर एकदा बसले की "जरा आनंदी विषयाचं नाटक करा, पाहुणे येतात" सुरू होतं. सेन्सॉर लागतच नाही मग.

खजिनदार काका

हे मात्र खरं आहे. आमच्याकडे विनोदी नाटकाला स्पॉन्सर मिळतो, बाकीच्याला "पुढच्या वर्षी बघू".

तरी एक सांगतो. अमेरिकेच्या जनगणनेत अरब माणूस आजवर 'गोरा' मोजला गेला. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेचा वेगळा रकाना सरकारने मान्य केला तो मार्च २०२४ मध्ये. म्हणजे अल्पसंख्याकांसाठीचा निधी मागताना भरायला चौकटच नव्हती. या लोकांनी स्वतःच्या खिशातून संस्था वीस वर्षं चालवली असेल तर एक रात्र मिरवू द्या की त्यांना.

कडू कारलं

मिरवा. चाचांना मानधन किती दिलं, तेवढं कळेल का?

डिअरबॉर्नकर

मित्राला विचारलं. काहीच नाही. "ते आपल्या घरचेच आहेत" असं उत्तर मिळालं. लिलाववाला मात्र व्यावसायिक होता, शिकागोहून आणलेला.

खजिनदार काका

हे चूक आहे. याला माझ्याकडे बचाव नाही. हॉटेलने त्यांच्या माइकचंसुद्धा भाडं लावलं असणार.

डिअरबॉर्नकर

मग माझी मागणी साधी आहे. लिलाव करा, फलक वर करा, सत्कार हवे तितके करा. पण वीस मिनिटं वाढप थांबवा, हॉलचे दिवे मंद करा आणि चाचांना पैसे देऊन वाजवू द्या. आणि वर्षातून एकदा रविवारी दुपारी २५ डॉलरवाला कार्यक्रम ठेवा, साउथ एंडच्या शाळेत, नुसतं वादन आणि नाटक.

मालेगावकर

वीस मिनिटांना पूर्ण पाठिंबा. वाढप थांबवायचं मात्र केटररशी करार करतानाच लिहून घ्या. आयत्या वेळी सांगितलंत तर गार झालेल्या कबाबचा राग लोक ऊदवर काढतील.

खजिनदार काका

२५ डॉलरवाला कार्यक्रम जरूर करा. २०० लोक आले तर पाच हजार. सभागृह, साउंड, विमा आणि चाचांचं मानधन (द्यायचंच आहे आता) वजा करा. तूट येईल, म्हणून स्पॉन्सर शोधाल. तो विचारेल, माझं टेबल कुठे?

नाटकवेडी

टेबल नाही म्हणावं. पहिल्या रांगेत खुर्ची आहे, साउथ एंडच्या आयांच्या शेजारी. बसायचं तर बसा.