मंदीत माणसं कमी करायची की पगार? आणि लोकांना किती सांगायचं?

कातकाम
आमचा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. शॉप, स्टोअर, ऑफिस धरून ४० जण. गेल्या दोन तिमाहींत ऑर्डरी जवळजवळ एक तृतीयांशाने घटल्या. दोन मोठ्या ग्राहकांनी 'सध्या थांबा' सांगितलंय, तिसरा जुनी बिलं लांबवतोय. ओव्हरटाइम बंद केला, नवी मशीन घ्यायची होती ती रद्द केली. आता पुढे काय, यावर माझं आणि भागीदाराचं जुळत नाही. त्याचं म्हणणं, ७-८ जणांना लगेच कमी करावं आणि उरलेल्यांना आतली परिस्थिती कळूच देऊ नये, नाहीतर चांगली माणसं आधी निघून जातील. मला वाटतं, सगळ्यांचाच पगार थोडा थोडा कापावा. शॉपमध्ये कुजबुज सुरू झालीये, मी गेलो की सगळे गप्प. यातून गेलेल्या कोणी सांगाल का?

जमाखर्च
मी हिशोबाच्या बाजूने सांगतो. माणसांना हात लावण्याआधी एका कागदावर पुढच्या १३ आठवड्यांची रोकड मांडा: येणार किती, जाणार किती, आठवड्यागणिक. नफा-तोटा पत्रक इथे उपयोगाचं नाही, कारण कारखाना रोख संपल्यावर बंद पडतो. जो ग्राहक बिलं लांबवतोय त्याच्याकडे तुम्ही स्वतः जा, वसुलीच्या माणसाला पाठवू नका. तयार माल आणि कच्च्या मालात किती पैसा अडकलाय तेही बघा. आणि नोकरकपात फुकट होत नाही. नोटिशीचा पगार, राहिलेल्या रजा, बाकी देणी, हे सगळं एकदम द्यावं लागतं, आणि तेही रोकड सगळ्यात कमी असताना.

पाळीप्रमुख
कातकाम, 'कळू देऊ नये' हे सगळ्यात आधी डोक्यातून काढा. लोकांना कळलेलं आहे. गाड्या किती सुटतात हे डिस्पॅचच्या माणसाला तुमच्या आधी कळतं. स्टोअरला कच्च्या मालाचे बार पडून आहेत, इन्सर्टची (मशीनवरच्या कापणाऱ्या पात्यांची) मागणी घटली, दुसऱ्या पाळीत दोन मशीन झाकून ठेवलेत. एवढ्यावर प्रत्येकाने आपापला हिशोब मांडलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा खऱ्या आकड्यांपेक्षा वाईट असतो. चांगली माणसं निघून जातात ती या अंदाजावर. त्यांना बाहेर काम मिळू शकतं, मग ती वाट कशाला बघतील?

२००८-०९ मध्ये मी एका कारखान्यात पाळी सांभाळत होतो. व्यवस्थापन कित्येक महिने एक शब्द बोललं नाही. मग एका सकाळी पाळीवर आलेल्या काही जणांना गेटवरच थांबवलं. कारण सांगायला कोणी आलं नव्हतं, सुरक्षारक्षकाच्या हातात यादी होती. त्यात माझ्या लाइनवरचा सगळ्यात जुना सेटर, म्हणजे कामाप्रमाणे मशीन जुळवून देणारा माणूस, होता. त्याचा मायक्रोमीटर, गेज, पदरच्या पैशांनी घेतलेली हत्यारं लॉकरमध्येच राहिली. ती मी संध्याकाळी पिशवीत भरून त्याच्या घरी नेऊन दिली. त्याने दार उघडलं, पिशवी घेतली आणि विचारलं, "पाच नंबरचा स्पिंडल बघितला का?" गेटवरून परत पाठवलेला माणूस मशीनची चौकशी करत होता. त्या घटनेनंतर आमचं रिजेक्शन (तपासणीत बाद होणारा माल) वाढलं ते लवकर खाली आलंच नाही. त्याच्याइतकं सेटिंग कोणाला जमत नव्हतं हे एक. दुसरं म्हणजे लोक आपणहून काही सांगेनासे झाले. बेअरिंगचा आवाज बदललेला ऐकू यायचा, तरी माणूस मान खाली घालून काम करत राहायचा. राहिलेल्यांनी बघितलेलं असतं की गेलेल्यांना कसं वागवलं, आणि उद्या आपल्यालाही तसंच वागवतील हे ते धरून चालतात.

पगारकपातीबद्दल जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. कामं गेल्यामुळे एका कंपनीने आपल्या दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी सगळ्यांचा पगार १५ टक्के कापला. एका कारखान्यात वरिष्ठांनी दीड तास बसून कारण, आकडे, मुदत असं सगळं सांगितलं, प्रश्नांना उत्तरं दिली, हे करताना आपल्यालाही वाईट वाटतंय हे बोलून दाखवलं. दुसरीकडे पंधरा मिनिटांत निर्णय कळवून मोकळे झाले. कपात दोन्हीकडे तेवढीच. तरी दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या आणि नोकरी सोडणारेही तिथेच जास्त निघाले. पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही खाली आल्या. म्हणून 'किती कापू' याचा जितका विचार कराल, तितकाच 'कसं सांगू' याचाही करा.

आता तुमच्यापुरतं. कपात वरून सुरू करा. आधी तुम्हा दोघांची उचल (धंद्यातून स्वतःसाठी काढता तो पैसा), मग मॅनेजर, मग बाकीचे. ज्यांचा पगार सगळ्यात कमी आहे त्यांना शक्यतो हात लावू नका, त्यांच्या घरात कापायला काही उरलेलं नसतं. पगाराचा दर कमी करण्यापेक्षा कामाचे दिवस कमी करा. काम कमी म्हणून पगार कमी, हे माणसाला पटतं. तेच काम, तेवढेच तास आणि पगार कमी, हे पटत नाही. जर्मनीत तर यासाठी 'कुर्त्सआर्बाइट' नावाची सरकारी व्यवस्थाच आहे: तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी निधीतून भरून द्यायचा. २००९ मध्ये देशाचं एकूण उत्पन्न ५ टक्क्यांहून जास्त घसरलं, १४ लाखांहून जास्त लोक एका वेळी अशा कमी तासांवर होते, पण बेकारी जेमतेम वाढली. तुम्हाला असा निधी मिळेल न मिळेल, पण तासांचं तत्त्व घेता येतं. अमेरिकेतल्या बॅरी-वेहमिलर या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये प्रमुखापासून खालपर्यंत प्रत्येकाला ४ आठवड्यांची बिनपगारी रजा दिली. ती केव्हा घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यांना झेपत होतं त्यांनी अडचणीतल्या सहकाऱ्यांच्या वाट्याची रजाही आपल्या अंगावर घेतली. मला स्वतःला हा भाग फार मोलाचा वाटतो. कोणी तसा आदेश काढला नव्हता.

माझ्या आत्ताच्या ठिकाणी मालकांनी मंदीत दोन्ही पाळ्यांना शॉपमध्येच बोलावलं आणि फळ्यावर चार आकडे लिहिले. हातात किती आठवड्यांचं काम आहे, बँकेत किती महिन्यांची रोकड आहे, ग्राहकांकडून किती येणं आहे, दर महिन्याला पगाराचे किती लागतात. एका ऑपरेटरने सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही स्वतः किती घेताय?" त्यांनी पाचवा आकडा लिहिला, आधीचा आणि आताचा. त्यानंतर प्रश्नांचा सूरच बदलला. सुट्टीच्या वेळात कॉम्प्रेसर का चालू असतो, स्क्रॅप कोणत्या भावाने जातो, हे लोकच विचारायला लागले. पुढे दर पंधरा दिवसांनी तोच फळा, तेच आकडे. नवीन काही नसलं तरी सभा व्हायची.

दुसरीबाजू
पाळीप्रमुख, मुद्दे पटले, पण पगारकपातीच्या विरोधातही पुरावा आहे. अर्थतज्ज्ञ ट्रुमन ब्यूली यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागात ३०० हून जास्त जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यात उद्योजक होते, मॅनेजर होते, कामगार नेतेही होते. कंपन्या पगार का कापत नाहीत, माणसं का कमी करतात, हा त्यांचा प्रश्न. सार असं निघालं की पगार कापला की राहिलेल्या सगळ्यांचं मन उडतं आणि ते रोज कामावर दिसतं. नोकरकपातीत नाराज माणूस निघून जातो. कटू आहे, पण कातकामच्या भागीदाराची भूमिका अगदीच निराधार नाही.

पाळीप्रमुख
मान्य आहे. म्हणूनच मुदत लिहून द्यायची. बेमुदत कपात केली तर ब्यूली यांना जे दिसलं तेच तुमच्याकडे होईल. 'अमुक तारखेपर्यंत, त्या दिवशी पुन्हा बसू' असं कागदावर असेल तर माणूस कळ काढतो. आणि ४० जणांच्या कारखान्यात नाराजी निघून जात नाही. गेलेला माणूस राहिलेल्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या लग्नाकार्यात भेटतो.

कातकाम
सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. कोणी थेट विचारलं, "माझी नोकरी राहील ना?" तर काय सांगू? आणि दिवस कमी करूनही नाहीच भागलं तर?

पाळीप्रमुख
"राहील" असं सांगू नका, तुमच्या हातात नाही ते. जे हातात आहे ते सांगा: "या तिमाहीत कोणालाही कमी करणार नाही. तिमाही संपताना फळ्यावर हे दोन आकडे इतक्याच्या खाली असले, तर तो विचार करावा लागेल, आणि तो तुम्हाला माझ्याच तोंडून कळेल." आकडा आधीच ठरलेला असला की लोक तुमचा चेहरा वाचत बसत नाहीत, फळा वाचतात.

नाहीच भागलं तर एकदाच करा. दर महिन्याला दोन-दोन जण असं चालवलंत तर उरलेले सगळे पुढच्या महिन्याचीच वाट बघत बसतील. निकष आधी ठरवा. चेहरा बघून नावं लिहायची आणि मग त्यांना निकष चिकटवायचे, हे लोकांना लगेच कळतं. प्रत्येकाला तुम्ही स्वतः, बंद दाराआड, बसवून सांगा. देणी त्याच दिवशी चुकती करा, अनुभवाचं पत्र तयार ठेवा, ओळखीच्या कारखान्यांना तुम्ही स्वतः फोन करा. काम परत आलं की पहिला फोन त्यांना जाईल, हे लेखी द्या.

रिकाम्या तासांचंही बघा. २००८ मध्ये मोठ्या गाड्यांची मागणी कोसळली तेव्हा टोयोटाने अमेरिकेतल्या काही कारखान्यांत सुमारे ३ महिने उत्पादन थांबवलं, पण कायम कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षण आणि सुधारणेच्या कामाला लावलं. तुमच्याकडे तेवढा पैसा नसेल. पण लेथवाल्याला मिलिंग शिकवणं, जुन्या सेटरच्या डोक्यात असलेलं सेटिंग कागदावर उतरवणं, थकलेला मेंटेनन्स उरकणं एवढं तर जमेल.

कातकाम
शनिवारी दोन्ही पाळ्यांना एकत्र बोलावतोय. भागीदार उचल थांबवायला तयार झाला. आकडे फळ्यावर लिहायला अजून कचरतोय.

पाळीप्रमुख
त्याला जमाखर्च यांचा १३ आठवड्यांचा कागद दाखवा, तो बघितला की बोलणं सोपं होईल. आणि सुपरवायझरना सभेच्या तासभर आधी वेगळं बसवा. सभा संपली की सगळे प्रश्न त्यांच्याकडेच जाणार आहेत, आणि त्यांनाही तेव्हाच कळलं असेल तर ते काय उत्तर देणार?