मदत हवी आहे : छापचित्रं विकून संस्थेला पैसे द्यायचेत, हिशेब कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्यातले काही चित्रकार. दिवाळीआधी दांडिया बाजारात लहानसं प्रदर्शन भरवून लिनोकटचे (लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून, शाई लावून कागदावर उमटवलेले) छाप विकायचा विचार आहे. येणारे पैसे विश्वामित्री नदीकाठच्या वस्तीत मुलांची अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेला द्यायचेत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहरात किती घरांत पाणी शिरलं, ते इथल्यांना सांगायला नकोच.

अडलंय ते पावतीपाशी. संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी) आहे, म्हणून मित्रमंडळी गिऱ्हाइकांना आत्तापासून करसवलतीचं गाजर दाखवतायत. पण मोबदल्यात चित्र मिळालं तर ती खरेदी झाली, देणगी कसली? आणि आम्ही चित्रंच संस्थेला दिली, तर वस्तुरूप दानाला ही सवलत नाही. रोख देणगीलाही ती २००० रुपयांपर्यंतच. मग विक्री आमच्या नावावर करून नंतर आम्ही बँकेतून देणगी द्यावी, की संस्थेनेच विकावं? कुणी सीए असाल तर जरा सांगा.

दुसरं, फ्रेम आणि कागदाचा खर्च. 'सगळी रक्कम संस्थेला' असं फलकावर लिहून मागून खर्च कापायचा, हे मला पटत नाही. आमच्यातल्या दोघांना त्यात काहीच वावगं वाटत नाही! तुम्ही खर्च आधी जाहीर केला होता का? त्याने विक्री घटली का?

आणि तीस छापांच्या आवृत्तीतल्या एका छापाची किंमत साधारण किती ठेवावी? इंदूर-ग्वाल्हेरकडे कुणी असं केलं असेल तर त्यांचा अनुभवही चालेल.